शिवेवर सोडलेलं दुखणं

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवून दत्ता म्हणाला, "मावशे, बघ, दम लागला का?" आणि तोंडावर पडला.

त्याच्या हातातला नारळ सुटला आणि एकेक पायरी वाजवत खाली गेला. आधी सगळे हसले. मीही हसले. पोरगा लहानपणापासून नाटकी, सुई टोचायच्या आधीच मेल्यासारखा पडायचा. एकवीस वर्षांचा दांडगा गडी झाला तरी खोड गेली नाही, असं मला वाटलं. मग सुनंदा सिस्टरनं त्याला उताणा केला. ओठ जांभळे पडले होते. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडं बघत नव्हते.

तेव्हा समोर पाटोद्याच्या अण्णांचं भाषण चालू होतं. "या मुलांनी मरणाला हरवलं आहे," इथपर्यंत ते आले होते. मरणाचे कान तिखट असावेत.

सुनंदा सिस्टर साडी सावरून गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबायला लागली. हे सिनेमात दाखवतात तसं हळुवार नसतं. कणीक तिंबल्यासारखं असतं, आणि बरगडी वाजली तरी थांबायचं नसतं. डॉक्टर मॅडम हातातला सामोसा टाकून धावल्या. झटका द्यायचं यंत्र ढकलत आणलं. खाली फाटकाजवळ कडुनिंबाखाली दत्ताची आई बसली होती, तिला आणायला शिपाई पळाला. मॅडम मान वर न करता मला म्हणाल्या, "मावशी, आई आली की तिला धरा."

दवाखान्यातला माझा निरोप समारंभ होता तो. अंगावर शाल, गळ्यात झेंडूचा हार, आणि निरोप भलताच कुणी घेऊन चालला होता.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलंय की कॅन्सरमधून बरी झालेली मुलं आयुष्याकडं कशी बघतात यावर लिहा, तुम्ही आयुष्यभर त्यांच्यात होता, वाचकांना उमेद मिळेल असं लिहा. मी चौथी शिकलेली आहे, पण उमेद म्हणजे काय ते मला कळतं. ती दुकानात मिळत असती तर आमच्या वॉर्डातल्या पोरांच्या आयांनी सगळी विकत घेतली असती, तुमच्या वाचकांसाठी काही उरली नसती. जे बघितलं ते लिहिते. उमेद त्यात सापडली तर तुमची.

नवरा याच दवाखान्यात शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. ऑर्डरवर आया, बोलण्यात मावशी. लहान मुलांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. त्यात खिडकीकडची रांग कॅन्सरच्या पोरांची. पहिले उपचार मोठ्या शहरात व्हायचे, मग मधली औषधं, रक्त चढवणं, पाठीतली सुई हे आमच्याकडं. माझं काम लादी पुसणं, भांडं देणं, ओकारी काढणं. पण खरं काम एकच, धरणं.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये पोराच्या पाठीच्या मणक्यात सुई घालून औषध सोडावं लागतं. त्या वेळी पोरगं हललं तर भलतंच होतं. म्हणून त्याला कुशीवर घ्यायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, पाठीची कमान करायची आणि तसं आवळून धरायचं. जोरानं धरलं तर पोरगं जास्त झटतं. सैल धरलं तर निसटतं. आणि धरताना बोलत राहायचं, काहीही. मी शिव्या द्यायचे. "तुझ्या मास्तरच्या", "तुझ्या सरपंचाच्या" असं काहीबाही. पोरं ऐकत राहायची की पुढची शिवी कुणाला. गोड बोलणाऱ्या आया ठेवून बघितल्या, त्यांच्या हातात पोरं फार हलायची.

दत्ता तेलगावचा. सहा वर्षांचा असताना आला. आई गयाबाई आणि बाप ऊसतोडीला जायचे, म्हणून हंगामात त्याच्याजवळ आजी बसायची. आरती पाटोद्याची, दत्ताच्या बरोबरीची, शेजारच्या खाटेवर. तिचे वडील म्हणजे मघाचे भाषणवाले अण्णा. शेती बागायती, पंचायत समितीत वजन. दत्ताची आजी खाटेखाली चटईवर झोपायची आणि अण्णा स्वतःची गादी घेऊन यायचे. पोरांच्या रक्ताला मात्र गादी आणि चटई यातला फरक कळत नव्हता.

दोघंही बरी झाली. औषधं संपली, मॅडमनी दोन्ही घरच्यांना बसवून सांगितलं की आता दर वर्षी एकदा दाखवायला आणायचं. या औषधांमध्ये एक लाल औषध असतं. ते गेलं की पोराला लघवीही लाल होते, त्यांच्या आया किंचाळतात, मग मी सांगते की रक्त नाही, औषध आहे. ते औषध रोगाला मारतं, पण कधीकधी हृदयाच्या मांसालाही कमजोर करून ठेवतं, आणि ते कळतं वर्षांनी. म्हणून वर्षातून एकदा हृदयाची सोनोग्राफी करायची, तिला ईको म्हणतात. मॅडमनी हे तेव्हाच नीट समजावलं होतं. गयाबाईनं मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं.

घरी जाऊन तिनं दुखण्याची पाठवणी केली.

आमच्याकडं पूर्वी पटकी आली की गाव मरीआईचा गाडा काढायचं. गाडा वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडायचा, मागं न बघता परत यायचं. पुढचं गाव तो त्याच्या पुढच्या शिवेवर ढकलायचं. रोग फिरतच राहायचा, फक्त आपल्या गावात नाही, एवढंच समाधान. गयाबाईनं तोच हिशोब रक्ताच्या कॅन्सरला लावला. सुपात दवाखान्यातली टोपी, पोराची ताटली, उरलेल्या गोळ्या, लिंबू, हिरव्या बांगड्या आणि दहीभात. भर उन्हात तेलगावच्या शिवेवर नेऊन ठेवलं. अंगात येणाऱ्या बाईनं तिला सांगितलं की या दुखण्यासाठी पुन्हा या वाटेला लागायचं नाही, वळून बघायचं नाही, आणि त्याचं नाव घरात घ्यायचं नाही. नाव घेतलं की ते पत्ता विचारत येतं.

त्याच शिवेवरून ती दर दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून कारखान्याला जायची. ते चालत होतं. रोगाला माणूस ऊस तोडायला चाललंय की दाखवायला चाललंय हे बरोबर कळत असावं.

तर असं झालं की दत्ताला स्वतःला काय झालं होतं हेच कधी कुणी सांगितलं नाही. "ताप आलता, रक्त कमी झालतं," एवढंच. पाठीतल्या सुया त्याला आठवायच्या, त्या पोलिओच्या होत्या असं तो समजायचा. आणि अण्णांच्या घरी उलटं. तिथं दुसरं काही बोललंच जात नव्हतं. आरतीला हंडा उचलू दिला नाही, उन्हात जाऊ दिलं नाही, मामाच्या गावच्या विहिरीत पोहू दिलं नाही. दर वर्षी तपासणीला चार माणसं बरोबर. शिंकली की रक्त तपासा. गल्लीत तिचं नाव काय तर "अण्णांची ती पोरगी". ती म्हणजे कोणती हे सगळ्यांना ठाऊक.

मोठेपणी दोघंही माझ्याकडं यायची, कारण दोघंही याच शहरात राहायला आली. आरती फार्मसीला. दत्ता पोलीस भरतीच्या तयारीला. आमच्या बीड जिल्ह्यात बारावी झालेल्या पोरांची दोनच कामं असतात, भरतीची वाट बघणं आणि भरतीसाठी पळणं. पहाटे कॉलेजच्या मैदानावर बघा, अर्धा जिल्हा पळत असतो.

दत्ता येताना केळी आणायचा आणि दंड दाखवायचा.

"मावशे, हात लावून बघ. दगड हाय दगड."

"डोक्यातला खाली उतरला वाटतं," मी म्हणायचे.

"तू हसू नकोस. सोळाशे मीटर आता वेळेत मारतो मी. सर म्हणले, या बॅचला तूच लागणार."

"एकदा मॅडमला दाखव की. वरच आहेत."

"कावून? मला काय झालंय? एवढ्या वर्षांत सर्दीची गोळी न्हाई खाल्ली."

आणि आरती आली की दाराशीच सुरू.

"मावशी, माझ्या मांडीवर हे निळं पडलंय. बघा ना."

"बाकावर आपटली असशील."

"आपटल्याचं आठवत नाही ना. तेच तर. तेव्हाही आधी असंच निळं पडलं होतं."

"तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि झाडावर चढत होतीस. आता चढतेस का? मग कशाला घाबरतेस?"

तरी ती खाली जाऊन रक्त देऊनच यायची. रक्त चांगलं निघायचं. मग तिला वाटायचं यंत्र बिघडलंय.

एक म्हणायचा मला काही झालंच नव्हतं. दुसरी म्हणायची मला अजून होतंच आहे. दोघांच्या मधे बसून मी केळं खायचे.

माझ्या नोकरीचे शेवटचे दिवस आले. मी मे महिन्याच्या अखेरीला रिटायर. कारण माझा जन्म एक जूनचा, म्हणजे गुरुजींच्या सोयीचा. शाळेत नाव घालताना त्यांनी सगळ्या गल्लीचा जन्म त्याच दिवशी लावला होता, त्यामुळं आमची अख्खी पिढी एकाच दिवशी म्हातारी होते. त्या महिन्यात आरती एकदा आली आणि पहिल्यांदाच स्वतःचं काही दाखवलं नाही.

"मावशी, तुमचा तो दत्ता. आमच्या हॉस्टेलच्या गच्चीतून मैदान दिसतं. तो पळून झालं की भिंत धरून वाकतो. बाकीची पोरं हसत निघून जातात, हा तिथंच. आधी एवढं नव्हतं."

"तू पोरांकडं गच्चीतून बघतेस हे अण्णांना माहीत आहे का?"

"मावशी!" ती चिडली. "मी त्याला विचारलं. म्हणाला धुळीनं खोकला होतो. आडवं झोपलं की जास्त येतो म्हणून भिंतीला टेकून झोपतो म्हणे. आणि बूट बघितले त्याचे? नाडी बांधता येत नाही."

मी दत्ताला फोन केला. बुटांचं विचारलं. तो खुशीत होता.

"अगं, घट्ट होतायत. पाय वाढायलाय माझा. सर म्हणले, व्यायामानं अंग भरतंय."

एकविसाव्या वर्षी पाय वाढणारा हा पहिलाच. मी मॅडमला जाऊन सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मावशी, पळणं आजपासून बंद करायला सांगा, आणि कसंही करून त्याला इथं आणा." त्यांनी स्वतःही फोन केला. त्यानं "हो मॅडम, येतो मॅडम" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पळायला गेला. भरती तोंडावर आली होती. मग मी त्याच्या आईकडं जायचं ठरवलं.

तेलगावला पोचले तेव्हा गयाबाई ओसरीत चिंचा फोडत बसली होती. मला बघून चिंचोके बाजूला सारले, पाणी दिलं, चहा टाकला. चहा हातात येईपर्यंत मी काही बोलले नाही. नंतर बोलले तर चहा मिळेल याची खात्री नव्हती.

"गयाबाई, दत्ताला मॅडमना दाखवायचंय."

तिचा हात थांबला नाही. "त्याला काय झालंय? घोड्यावाणी पळतोय."

"घोडा उभ्यानं झोपतो. तुझा पोरगा बसून झोपतोय."

"पोरांत राहतो. जागा न्हाई मिळत."

"पाय सुजलेत त्याचे."

"बाई, तुमी जुनं उकरू नका." आता तिनं चिंच खाली ठेवली. "शिवेवर सोडून आलेत आमी ते. वळून बघायचं न्हाई म्हणून सांगितलंय. आजवर बघितलं न्हाई, म्हणून तर पोरगं ठणठणीत हाय. तुमी कावून त्याला परत त्या वाटेला लावता?"

"ती वाट दवाखान्याची आहे, मसणाची नाही."

"मला दोन्ही सारख्याच दिसल्यात," ती म्हणाली. "तुमी वर्षानुवर्षं तिथं ऱ्हायलात, पगार घेतलात. मी तिथं पोराच्या उशाशी बसलेय. तुमाला न्हाई कळायचं."

मी चहा संपवला.

"बरं," मी म्हणाले. "दाखवायला आणू नकोस. माझा निरोप समारंभ आहे. पोरगा माझ्या हाताखालून गेलेला, त्यानं यायला पाहिजे. सत्काराला येण्यात काही दोष आहे का तुझ्या त्या बाईच्या शास्त्रात?"

ती बराच वेळ चिंचेतल्या शिरा काढत बसली.

"सत्काराला म्हणून येईल त्यो," ती म्हणाली. "मी फाटकाच्या आत यायची न्हाई. त्याला बी हात लावू द्यायचा न्हाई कुणाला."

"मी कशाला हात लावू देईन," मी म्हणाले. समारंभाच्याच वेळी मॅडम वॉर्डात ईकोचं यंत्र तयार ठेवणार होत्या, हे आमचं आधीच ठरलं होतं. गयाबाई अडाणी असेल, मूर्ख नव्हती. तिला कळलं होतं असं मला वाटतं. पण देवाला तोंड दाखवायला तिला एक वाट हवी होती, ती मी दिली.

समारंभाला अण्णांनी फ्लेक्स लावला. वर "कॅन्सर योद्ध्यांच्या माउलीस निरोप" असं लिहिलेलं. अण्णांचा फोटो पाण्याच्या टाकीएवढा, माझा कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा, मधे आरतीसकट बरी झालेली पोरं. योद्धे म्हणे. सहा वर्षांच्या पोराला मी आवळून धरायचे आणि डॉक्टर सुई घालायचे, तो बिचारा आईच्या नावानं रडायचा. यात युद्ध कुणी कुणाशी केलं? बरं, जी पोरं गेली ती काय लढायला कमी पडली? असला शब्द मेलेल्या पोराच्या आईसमोर म्हणून बघा.

आरती लिफ्टनं वर आली, लिफ्टमधेही कठडा धरून. दत्ता उशिरा आला. फाटकाशी आईला सोडलं, नारळ घेतला, आणि आरतीनं वरून हाक मारली, "अरे लिफ्टनं ये!" म्हणून मुद्दाम जिन्यानं आला. दोन-दोन पायऱ्या टाकत.

पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच.

गयाबाई वर आली. फाटकाच्या आत यायचं नाही म्हणणारी बाई त्या शिपायाच्या पुढं धावत आली. पोरगा जमिनीवर, शर्ट फाडलेला, छातीवर सिस्टर. तिनं त्याच्यावर झेपच घेतली. मी तिला मागून धरलं. ऊस तोडणारी बाई ती, आणि मी साठीची. पण धरण्यात ताकद लागत नाही, हे मी वर लिहिलंय. तिला खाली बसवलं, गुडघे पोटाशी आणले, डोकं माझ्या खांद्यात दाबलं.

"सोडा मला! तुमी फसवलं मला! तुमी आणलं त्याला!"

"हो, मीच आणलं. कुणाला शिव्या देतेस त्या मला दे."

तिनं दिल्या. मला येत नाहीत अशासुद्धा दिल्या. माझ्या सासरच्या मागच्या पिढ्या काढल्या. मी म्हणत होते, "आणखी?" आणि ती आणखी द्यायची. तेवढ्या वेळात मॅडमनी पहिला झटका दिला. दत्ताचं अंग उडालं. काही झालं नाही. सिस्टर पुन्हा दाबायला लागली. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा माणसांसमोर गप्प.

दुसऱ्या झटक्यानंतर मॅडमनी हात वर केला, सगळे थांबले, आणि यंत्रावर नुसती थरथरणारी रेघ ठेक्यात वाकडी व्हायला लागली. माणसाची रेघ ठेक्यात वाकडी असली की चांगलं. सरळ रेघ मेलेल्याची. एवढं शास्त्र मला येतं.

त्याला खाली अतिदक्षता विभागात नेलं. जमिनीवर सामोसे, झेंडू आणि फाटका शर्ट पडला होता. मी रिटायर झाले होते, तरी झाडू मीच घेतला. आरती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, "मावशी, पडायची पाळी माझी होती."

"रांग नाही लावलेली तिथं," मी म्हणाले. "ती खुर्ची उचल."

तिनं खुर्ची उचलली. मग दुसरी उचलली. अण्णा "अगं, अगं" करत पुढं आले तर त्यांच्याच हातात तिसरी दिली.

ईकोत हृदय फुगलेलं निघालं, पखालीसारखं. निम्म्याहून कमी जोरानं चाललेलं. ज्या औषधानं सहाव्या वर्षी वाचवलं त्यानंच हे केलं होतं, आणि बरेच दिवस केलं होतं. आधी आला असता तर गोळ्यांवर थांबवता आलं असतं. पळत राहिला असता तर मैदानावर पडला असता. तिथं छाती दाबायला सुनंदा सिस्टर नव्हती, शिट्टी वाजवायला सर होते.

बोलायला लागला तेव्हा मॅडमनी त्याला सगळं सांगायचं ठरवलं. गयाबाई खाटेजवळ बसलेली. मी सहज भेटायला गेलेली, म्हणजे मुद्दाम.

"मॅडम, नाव घेऊ नका," गयाबाई म्हणाली.

मॅडमनी घेतलं. रक्ताचा कॅन्सर, स्वच्छ, दोनदा. लाल औषध, हृदय, सगळं साध्या भाषेत. दत्ता छताकडं बघत ऐकत होता. मग मान वळवली.

"आये, तू म्हणलीस ताप आलता."

"तापच होता," गयाबाई म्हणाली. "त्या तापाचं नाव ते होतं."

"मला सांगायचं तरी. मी एवढा पळालो नसतो."

"म्हणून तर न्हाई सांगितलं."

मॅडमनी उगाच सलाईनकडं बघितलं. त्या पोराला मी पहिल्यांदा धरलं तेव्हा त्याचे पाय काड्यांसारखे होते, उभा राहायचा नाही. त्याच पायांवर तो गावभर हुंदडला, झाडावरून पडला, मारामाऱ्या केल्या, सोळाशे मीटर पळाला. हे गयाबाईनं त्याला दिलं, न सांगून. आणि न सांगूनच जवळजवळ मारलं. आरतीला सगळं सांगितलं, तिचं हृदय शाबूत आहे, आणि तिनं ते कशालाच वापरलं नाही. दोघांच्या आईबापांनी जे केलं ते मायेपोटी, असं लिहिलं की संपादकांना बरं वाटेल. मायेपोटी केली तरी चूक ती चूकच.

पोरगा दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून बोलला.

पोलीस होणं गेलं. तो आता ऑनलाइन सेवा केंद्रात बसतो आणि दुसऱ्यांचे भरतीचे अर्ज भरून देतो. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, मिठावर लक्ष, चालायचं पण पळायचं नाही. शहाणा झाला असं समजू नका. परवाच फोनवर म्हणाला, "मावशे, मी एकदम फिट हाय. फक्त हार्ट जरा वीक हाय." जरा. पण तपासणी चुकवत नाही. आता सगळ्या पोरांना सांगत सुटतो की मी कॅन्सरला हरवलंय. आधी झालंच नव्हतं म्हणायचा, आता अभिमान मिरवतो. दोन्हींच्या मधे कुठं थांबायचं असतं हे त्याला कळलं नाही. मला तरी कुठं माहीत आहे?

आरतीनं त्या दिवसापासून हृदयाची भीती नव्यानं धरली. आधी एकट्या रक्ताची होती. मॅडम म्हणाल्या, "तुझं ईको उत्तम आहे." तर म्हणाली, "आज उत्तम आहे." पण औषधांच्या दुकानात नोकरी धरलीय, दिवसभर उभी राहते, आणि मागच्या उन्हाळ्यात मामाच्या विहिरीत उतरली. अण्णा काठावर दोरी घेऊन उभे होते म्हणे.

आणि गयाबाई. ती आता स्वतः पोराला घेऊन येते, फाटकातून आत, वरपर्यंत. मी तिला डिवचलं, "काय गं, वळून बघायचं नव्हतं ना?"

ती म्हणाली, "बाई, शिवेवर रोग सोडलता. औषध न्हाई सोडलं. हे दुखणं औषधाचं हाय. ह्याच्याकडं वळून बघितलं तर चालतंय."

मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबरच आहे की.

संपादकांनी विचारलंय की शेवट जरा गोड करता येईल का. शेवट असा आहे. दत्ता आणि आरती ज्या साली आली, त्या साली खिडकीकडच्या रांगेत एकही खाट रिकामी नव्हती, आणि पाठीतल्या सुईसाठी त्या सगळ्या पोरांना मीच धरलं. त्यांच्यापैकी दत्ता जिवंत आहे आणि आरती जिवंत आहे. बाकी कुणी नाही.